फासे टाकायचे सोडून ताळेबंद कशाला वाचता? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चाहत्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही खेळणारे खेळाइतकीच तो विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबावरही नजर ठेवतो, त्यावरून सुचलेले हे प्रश्न खेळणाऱ्यांच्या घरच्यांनी, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी आणि टेबलावर नुकत्याच आलेल्या मंडळींनी विचारलेले आहेत. उत्तरं एका खेळाडूची आहेत, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

आधी हे सांगा, हा खेळ नक्की काय आहे?

चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग, राक्षस, गावकरी, पाऊसपाणी सगळं त्याच्या ताब्यात. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. पट नसला तरी चालतं, शेवटी कुणी जिंकत नाही, आणि एकच गोष्ट वर्षानुवर्षं रंगू शकते. अशा लांबलेल्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून टीएसआर कंपनीनं बाजारात आणला. पहिली छपाई हजार प्रतींची होती. १९९७ मध्ये टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'नं विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोनं. मोनोपॉलीवाली हॅस्ब्रो, तीच.

मग यात कंपनीच्या तिमाही निकालांचा संबंध कुठे आला?

या धंद्याची एक गंमत आहे. एका टेबलाला पुस्तकांचा एक संच पुरतो आणि तो दहा वर्षं टिकतो. पुस्तकं बहुधा डीएम घेतो, बाकीचे त्याचीच चाळतात. फासे एकदा घेतले की नातवंडांपर्यंत जातात. म्हणजे गिऱ्हाईक खूश असलं तरी त्याला दुकानात परत यायचं कारण उरत नाही. 'आधीच घेऊन बसलेल्यांकडून आणखी पैसे कसे काढायचे?' हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत प्रकाशकाच्या मानेवरून कधी उतरला नाही. नवी आवृत्ती, पुस्तकांचा मारा, वकिलांच्या नोटिसा, खुला परवाना, मासिक वर्गणी ही सगळी त्याच प्रश्नाची उत्तरं. जुन्या खेळाडूंनी ती सगळी पाहिली आहेत. म्हणून भागधारकांच्या सभेत 'वाढीची संधी' असे शब्द आले की ते आधी खिसा चाचपतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. हौशी संस्था नाटक लावते तेव्हा लेखकाची परवानगी आणि मानधन हे ठरलेलं असतं, कारण संहिता त्याची असते. इथे संहिता दर शनिवारी टेबलावर तयार होते आणि लिहिणारे खेळणारेच असतात. कंपनी नियम देते, राक्षसांची यादी देते, उत्तम चित्रं देते. पण तुमच्या टेबलावरचं राज्य, त्यातला लाचखाऊ कोतवाल, तिसऱ्या वर्षी मेलेलं आणि अजून ज्याची आठवण निघते ते पात्र, हे सगळं तुमचं. अशा अर्ध्या आपल्या मालावर दुसऱ्याचा शिक्का असला की शिक्केवाला काय करतोय यावर नजर ठेवावीच लागते.

पण हे तर कुठल्याही ब्रँडच्या चाहत्यांचं असतं.

तितकंसं नाही. इथे चाहता आणि व्यावसायिक यांच्यातली भिंत फार पातळ आहे. आज स्वतःच्या टेबलासाठी साहस लिहिणारा माणूस उद्या त्याची पीडीएफ करून विकतो, परवा किकस्टार्टरवर पैसे उभारून जाडजूड पुस्तक काढतो. विझर्ड्सचे कितीतरी डिझायनर याच वाटेनं आत आले. परवान्याचं एक कलम बदललं की काहींची चूल विझू शकते, आणि ती माणसं बाकीच्यांच्या ओळखीची असतात.

कंपनीवर नजर ठेवायची ही सवय लागली कधीपासून?

अगदी पहिल्यापासून म्हटलं तरी चालेल. खेळ बाजारात येऊन पाच वर्षं होतात तोच, १९७९ मध्ये, आर्नेसननं मानधनासाठी टीएसआरवर दावा लावला. तो १९८१ मध्ये तडजोडीनं मिटला. १९८५ मध्ये शेअरांच्या खरेदी-विक्रीत गायगॅक्सच्या हातून कंपनी गेली आणि सूत्रं लॉरेन विल्यम्स यांच्याकडे आली. ज्यानं खेळ रचला त्यालाच बाहेरचा रस्ता! चाहत्यांच्या मनात 'खेळ वेगळा, मालक वेगळा' हे तेव्हाच पक्कं झालं.

खरा धडा मात्र नव्वदच्या दशकातला. टीएसआरनं एकामागून एक नवी जगं काढली: रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट. प्रत्येक जगासाठी वेगळे संच, वेगळी पुस्तकं. कलाकुसर म्हणून त्यातलं बरंचसं आजही अप्रतिम आहे, पण प्लेनस्केपवाला डार्क सनचं पुस्तक घेत नव्हता. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं आणि त्याचे तुकडे पडत गेले. शिवाय पुस्तकांच्या दुकानांपर्यंतचं वितरण रँडम हाउस या बड्या प्रकाशन संस्थेकडे होतं. माल पाठवला की पैसे हाती येत, पण न विकलेला माल परत आला की ते फेडावे लागत. १९९६ मध्ये परतीचा लोंढा आला. छापखान्याची बिलं थकली, छपाई थांबली, कंपनीच्या 'ड्रॅगन' मासिकाचे अंक येईनासे झाले. वर्गणीदारांना कंपनीची आर्थिक स्थिती कळली ती रिकाम्या टपालपेटीवरून.

विझर्ड्सचे प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन यांनी १९९७ मध्ये टीएसआर घेतली नसती तर या खेळाचे हक्क कुठल्या बँकेच्या कपाटात पडले असते कोण जाणे. तो पैसा १९९३ मध्ये आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा होता. एका खेळाच्या नफ्यानं दुसरा वाचला, हे त्या पिढीच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

टीएसआरला 'दे सू रेग्युलर्ली' (म्हणजे 'हे सारखे खटले भरतात') का म्हणत?

कारण इंटरनेट नवं असताना चाहत्यांनी हौसेनं टाकलेले राक्षस आणि मंत्र काढून टाकायला कंपनी सांगत असे. आद्याक्षरांचा तो नवा अर्थ चाहत्यांनीच लावला.

ओजीएल हा शब्द सारखा कानावर येतो. काय आहे तो?

ओपन गेम लायसन्स. साल २०००, तिसरी आवृत्ती. विझर्ड्समधल्या रायन डॅन्सी यांचा युक्तिवाद असा होता: छोटी साहसं लिहून कंपनीला फारसं सुटत नाही, ती इतरांना लिहू द्या. ती खेळायला लोकांना मूळ नियमपुस्तक लागेलच, आणि ते आपण विकू. म्हणून नियमांचा गाभा एका दस्तऐवजात (त्याला एसआरडी म्हणतात) खुला केला आणि सोबत परवाना जोडला. रॉयल्टी नाही, परवानगीसाठी पत्रव्यवहार नाही.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. अमेरिकेत खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. शब्द, चित्रं, पात्रं यांवर मिळतो. आपल्याकडचा 'नवा व्यापार' आठवा. फासा टाका, जागा विकत घ्या, भाडं वसूल करा. सांगाडा मोनोपॉलीचा, शहरं आपली. कायदा अशा नकलेची वाट काही प्रमाणात मोकळी ठेवतो, पण 'काही प्रमाण' म्हणजे किती हे ठरवायला कोर्टात जावं लागतं, आणि दोन माणसांच्या प्रकाशन संस्थेला अमेरिकन वकिलाची फी परवडत नाही. ओजीएलनं नवा हक्क किती दिला यावर वकील वाद घालतात. त्यानं भीती काढून टाकली, हे नक्की. त्या निर्धास्तपणावर वीस वर्षं एक अख्खा छोटा उद्योग उभा राहिला.

कंपनीनं याआधी हा परवाना काढून घेतला होता का?

काढून घेतला नव्हता, बाजूला सारला होता. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली ती वेगळ्या, जास्त कडक परवान्यासह. त्याच्या वर्षभर आधी 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिकं चालवणाऱ्या पायझो या कंपनीचा करारही संपवला होता. हातातलं काम गेलेल्या पायझोनं जुना ओजीएल वापरून तिसऱ्या आवृत्तीवर आधारित 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ काढला, २००९ मध्ये. जुन्या नियमांवर जीव असलेले हजारो खेळाडू तिकडे गेले. विझर्ड्सनं स्वतःच्याच परवान्यातून स्वतःचा सगळ्यात मोठा स्पर्धक जन्माला घातला. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये तिचा गाभा पुन्हा ओजीएलखाली खुला झाला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, शिकले एकदाचे.

मग जानेवारी २०२३ मध्ये एवढा गदारोळ कशाचा?

सुरुवात डिसेंबर २०२२ पासून करू. गुंतवणूकदारांसमोरच्या एका कार्यक्रमात विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स म्हणाल्या की हा ब्रँड 'अंडर-मॉनेटाइझ्ड' आहे, म्हणजे त्यातून जितका पैसा निघायला हवा तितका निघत नाही. डीएम हे खेळणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के, पण खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच. उरलेल्या ८० टक्क्यांकडून कमाई कशी करायची, असा तो विचार. गुंतवणूकदारांना यात वावगं काही वाटलं नसणार. टेबलावर मात्र तो शब्द झोंबला.

मग ५ जानेवारीला गिझमोडो या संकेतस्थळावर नव्या ओजीएल १.१ च्या फुटलेल्या मसुद्याची बातमी आली. त्यात काय होतं? जुना परवाना यापुढे 'अधिकृत' नाही. वर्षाला ५० हजार डॉलरांहून जास्त कमावणाऱ्यानं कंपनीला हिशेब कळवायचा. साडेसात लाख डॉलरांच्या वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. आणि तुम्ही जे लिहाल ते कंपनीलाही फुकट, कायमचं वापरता येईल.

२५ टक्के नफ्यावर नाहीत, उलाढालीवर, हे नीट लक्षात घ्या. एखाद्या प्रकाशकानं दहा लाख डॉलरांचं पुस्तक विकलं तर वरच्या अडीच लाखांवर साडेबासष्ट हजार डॉलर द्यायचे. कागद, छपाई, चित्रकार, जहाजाचं भाडं हे सगळं वजा करण्याआधी! पुस्तकाच्या धंद्यात इतका फायदा हातात राहतोच असं नाही.

पण रॉयल्टीपेक्षा लोक चिडले ते पहिल्या मुद्द्यावर. २००० सालच्या परवान्यात 'कायमस्वरूपी' असं लिहिलं होतं, 'मागे न घेता येणारा' असं लिहिलं नव्हतं. नवव्या कलमात 'परवान्याची कोणतीही अधिकृत आवृत्ती' वापरता येईल असं होतं. त्या 'अधिकृत'मध्ये बोट घालून तेवीस वर्षांची इमारत पाडता येते का, हा खरा वाद. विशेष म्हणजे विझर्ड्सनंच पूर्वी आपल्या प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहून ठेवलं होतं की परवाना बदलला तरी जुनी आवृत्ती वापरत राहता येईल. प्रश्नोत्तरांची पानं जपून ठेवावीत ती यासाठी.

चाहत्यांनी नक्की केलं काय? नुसता आरडाओरडा?

आरडाओरडा तर केलाच. पण जिथे आकडा हलेल तिथे हातही घातला. हॅस्ब्रोनं २०२२ मध्ये डीअँडडी (म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स) बियाँड हे खेळाची पुस्तकं आणि पात्रं ऑनलाइन ठेवायचं साधन १४ कोटी ६३ लाख डॉलरांना घेतलं होतं आणि त्याची मासिक वर्गणी हाच पुढच्या कमाईचा मार्ग होता. लोकांनी एकमेकांना सांगून ती वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. पुस्तक न घेण्याचा निषेध कंपनीला कळायला सहा महिने लागतात. रद्द झालेली वर्गणी त्याच दुपारी दिसते. मार्चअखेर या खेळावरचा मोठा चित्रपट येणार होता, तोही डोक्यावर होता. तिकडे पायझोनं इतर प्रकाशकांना घेऊन 'ऑर्क' नावाचा, कुठल्याही एका कंपनीच्या ताब्यात नसेल असा परवाना जाहीर केला आणि आठ महिने पुरतील म्हणून ठेवलेली नियमपुस्तकं दोन आठवड्यांत संपल्याचं सांगितलं.

१३ जानेवारीला कंपनीचं निवेदन आलं. लोक म्हणतील चाहते जिंकले, ते अर्धंच खरं, आम्हीही जिंकलो, असा काहीसा सूर. त्यानं आगीत तेलच पडलं. मग नवा मसुदा, त्यावर सर्वेक्षण, पंधरा हजारांवर उत्तरं. जुना परवाना रद्द करण्याच्या कल्पनेवर ८९ टक्के नाराज. २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली: जुना ओजीएल जसाच्या तसा राहील, आणि पाचव्या आवृत्तीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला. क्रिएटिव्ह कॉमन्सचा तो परवाना मागे घेता येत नाही.

म्हणजे निषेधामुळेच झालं, की कंपनी तसंही करणार होती?

निषेधामुळेच, असं मला वाटतं. ५ ते २७ जानेवारी एवढ्या अवधीत हक्क आवळण्यापासून ते कायमचे सोडून देण्यापर्यंतचा प्रवास कुठलीही कंपनी हौसेनं करत नाही. मात्र फक्त संतापानं काम झालं असं मी म्हणणार नाही. संताप, जायला दुसरं घर आणि लगेच दिसणारा आकडा, या तिन्ही गोष्टी त्या महिन्यात एकत्र आल्या होत्या. २००८ मध्ये संताप होता, पण बाकीचे दोन नव्हते, म्हणून चौथी आवृत्ती ठरल्याप्रमाणे आली.

कंपनीची काहीच बाजू नाही का?

आहे, आणि ती आमच्यातले बरेच जण ऐकून घेत नाहीत. डिझायनर, संपादक, चित्रकार यांचे पगार द्यावे लागतात. पाच जणांच्या टेबलात एक जण खर्च करत असेल तर उरलेल्या चौघांना विकण्यासारखं काही शोधणं हे पाप नाही. द्वेषपूर्ण मजकूर आणि एनएफटी (डिजिटल वस्तूंच्या मालकीचे विकाऊ दाखले) यांत आपलं नाव नको, हे कंपनीनं दिलेलं कारणही रास्त होतं. फक्त त्यासाठी २५ टक्के रॉयल्टी कशाला लागते, याचं उत्तर मिळालं नाही.

शिवाय विझर्ड्सवरही वरून दाब असतो. २०२१ मध्ये विझर्ड्स आणि डिजिटल गेम्सच्या विभागानं हॅस्ब्रोच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा महसूल आणला, पण कामकाजातल्या नफ्याचा निम्म्याहून अधिक वाटा त्याचा होता. इतकी दुभती गाय खेळण्यांच्या कंपनीत कशाला, वेगळी करा, असं अल्टा फॉक्स या गुंतवणूक संस्थेनं २०२२ मध्ये भागधारकांसमोर मांडलं. ती मतदानात हरली. पण तेव्हापासून चाहतेही नफ्याचे विभागवार आकडे बघू लागले, आणि एकदा ती चटक लागली की सुटत नाही.

मॅजिकचे चाहतेही असेच वेडे आहेत का?

ते वेगळ्या कारणानं. त्यांच्या कपाटातल्या पत्त्यांना फेरविक्रीचा भाव असतो, त्यामुळे कंपनी किती छापते हा त्यांच्या बचतीचा प्रश्न होतो. १९९५ मध्ये जुने पत्ते पुन्हा छापल्यावर ओरड झाली, म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते कधीच पुन्हा छापणार नाही अशी यादी कंपनीनं जाहीर केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसाचा, त्या यादीतलेही पत्ते असलेला संच आला: चार पाकिटं, साठ पत्ते, ९९९ डॉलर, आणि स्पर्धेत वापरायला बंदी! पत्त्यांची मागची बाजू वेगळी, म्हणून वचनभंग नाही म्हणे. त्याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकानं अतिछपाईचं कारण देऊन हॅस्ब्रोच्या शेअरचं मानांकन खाली आणलं. गल्लीतल्या दुकानात महिनोन्‌महिने चाललेली कुरकुर बँकेच्या अहवालात छापून आली, याचा काही खेळाडूंना जो आनंद झाला तो पत्ते जिंकूनही होत नसेल.

चाहत्यांचा अतिरेक होतो का कधी?

होतो. जानेवारी २०२३ मध्येच वर्गणी महिन्याला ३० डॉलर होणार अशी अफवा उठली. कंपनीनं ती खोडून काढली तरी लोक तीच धरून बसले. निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि शिव्या मात्र समाजमाध्यमांवर नाव दिसणाऱ्या कनिष्ठ डिझायनरला पडतात, हे तर किळसवाणं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सवर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला आणि त्याच आठवड्याच्या आसपास हॅस्ब्रोनं सुमारे ११०० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात विझर्ड्सचे लोकही गेले. काहींनी त्यावरही 'बरं झालं' लिहिलं. गेले ते पुस्तकं लिहिणारे होते, रॉयल्टीचं कलम लिहिणारे नव्हते.

पुण्या-मुंबईत बसून आपल्याला याचं काय?

बरंच काही. आयात केलेली जाड बांधणीची पुस्तकं महाग पडतात, त्यामुळे इथली कितीतरी टेबलं फुकट मिळणाऱ्या एसआरडीवर चालतात. तो खुला राहिला म्हणून ती टेबलं राहिली. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कमी जणांच्या लक्षात आली आहे: क्रिएटिव्ह कॉमन्समुळे तो गाभा मराठीत आणून छापायला, विकायला कुणाचीही परवानगी लागत नाही, मूळ श्रेय दिलं की झालं. विझर्ड्सनं फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये तो दिला आहे. मराठी आपणच करायचं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांखाली भुयारं खणायला कुणी अडवलेलं नाही.

मी नवा खेळाडू आहे. हे सगळं मला माहीत असायला हवं का?

नाही. फासे घ्या, खेळा.

मग कुठल्या बातमीकडे लक्ष द्यायचं?

निर्णय तुमच्या टेबलापर्यंत पोहोचतो का, एवढं बघा. शेअर दोन टक्के पडला, पोहोचत नाही. प्रमुख बदलला, बहुधा नाही. परवाना बदलला, पोहोचतो. ऑगस्ट २०२४ मध्ये डीअँडडी बियाँडवर जुन्या मंत्रांच्या जागी नव्या आवृत्तीतले मंत्र घालणार असं जाहीर झालं. म्हणजे तुमच्या चालू पात्राच्या कागदावरचा मजकूर तुम्हाला न विचारता बदलणार. हा पोहोचणारा निर्णय होता, लोक ओरडले ते योग्यच होतं, आणि काही दिवसांत कंपनीनं तो फिरवला.

माझ्याकडे २०१४ ची पुस्तकं आहेत. २०२४ ची घ्यावी लागतील का?

चालू कॅम्पेन मजेत असेल तर नाही. नवं नियमपुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, डीएमचं नोव्हेंबरमध्ये, राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्यातलं राक्षसांचं मला आवडलं, बाकीच्या दोहोंशिवाय अडलं नाही. नवं घ्यायचंच असेल तर आधी २०२५ मध्ये आलेला नवा एसआरडी उतरवून घ्या, तो फुकट आहे. दोन-तीन शनिवार त्यावर खेळा आणि मग ठरवा. सगळे मिळून वर्गणी काढून पुस्तक विकत घेणार असाल तर ते डीएमच्या घरी राहील हे आधीच बोलून घ्या, नंतर भांडणं होतात.